हुजूर हुक्का पीत आहेत

लखनौत मी वीसेक वर्षं काढली, पण मला कोणी कमरेत वाकून सलाम केल्याचं आठवत नाही. माझ्या भाच्याला तो मान जन्मल्यानंतर तिसऱ्याच आठवड्यात मिळाला. सलाम करणारे सत्तरी ओलांडलेले बालरोगतज्ज्ञ होते. काटकुळे, ताडमाड उंच, अंगात बिनबाह्यांचा स्वेटर, पायात कॅनव्हासचे बूट. पाळण्याएवढ्या त्या खाटेपाशी ते वाकले आणि म्हणाले, "हुजूर, इजाजत हो तो जरा सीना देख लूँ?"

हुजुरांचं लक्ष नव्हतं. ते श्वास घेण्याच्या कामात होते आणि ते काम त्यांना झेपत नव्हतं. दर श्वासाला बरगड्यांखाली खळगा पडत होता, नाकपुड्या फुलत होत्या, मधेच डोकं घड्याळाच्या लंबकासारखं हलत होतं. डॉक्टरांनी स्वेटरच्या आत काखेत धरून गरम केलेला स्टेथोस्कोप बाहेर काढला. "खामोशी को रजामंदी समझूँ?" असं विचारलं आणि मगच तो त्या इवल्या छातीला लावला. तेवढ्यात माझा भाऊ श्रीकांत दोनदा "डॉक्टरसाहब, जल्दी!" म्हणाला. डॉक्टर त्याच्याकडे न बघताच म्हणाले, "आप बाहर तशरीफ रखिए."

लखनौत राहून एक गोष्ट मला कळली होती. इथे समोरचा जितका मऊ बोलेल तितका मार जास्त बसलेला असतो. श्रीकांत नवखा होता. तो "थँक्यू" म्हणून बाहेर गेला.

हे डॉक्टर फक्त तान्ह्या मुलांशी खरं नम्रपणे बोलायचे. मोठ्या माणसांशी बोलताना त्यांची नम्रता सुईसारखी टोचायची. लखनौतल्या महानगर नावाच्या मोहल्ल्यात त्यांचं छोटं नर्सिंग होम होतं, आमच्या घरापासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर. दारावर त्यांनी मोठ्या अक्षरांत पाटी रंगवून घेतली होती: 'यहाँ चूमना मना है.' पाटी होती बाळांच्या नातेवाइकांसाठी, पण ती रस्त्याकडे तोंड करून लागली. कपूरथला बाजाराच्या बाजूने येणारी कॉलेजची जोडपी तिच्याखाली उभी राहून फोटो काढायची. पाटी उलट फिरवा, असं त्यांना अनेकांनी सुचवलं. ते म्हणायचे, "रहने दीजिए. यही लोग साल-दो साल में अंदर आएँगे. अभी से पढ़ लें तो अच्छा है."

आता मी कोण, ते सांगायला हवं. मी मिरजेची. केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात लागले आणि बदल्यांच्या फेऱ्यात लखनौला येऊन रुतले. लग्न केलं नाही. धाकटा भाऊ श्रीकांत चिनहटच्या एका कारखान्यात इंजिनियर म्हणून आला, तेव्हा महानगरात मी खालच्या मजल्यावर आणि तो आणि त्याची बायको गौरी वरच्या मजल्यावर असं आमचं बिऱ्हाड झालं. मी फार बोलत नाही. ऑफिसात लोक मला 'मौन मॅडम' म्हणतात, हे मला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक नाही. म्हणून पुढचं मी आपणहून फारसं कोणाला सांगितलं नाही. आता लिहितेच आहे तर सरळ लिहिते. भाच्याला, केदारला, ती सर्दी मी दिली.

कशी दिली, तेही सांगते. बाराव्या दिवशी बारसं होतं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. तो दुसऱ्या कोणाकडे देता येतच नाही असं नाही. शेजारीण, मावशी, कोणीही चालतं. पण श्रीकांत-गौरीला दहा वर्षांनी मूल झालं होतं आणि ती दहाही वर्षं मी मनातल्या मनात कोणाच्या तरी कानात नाव सांगत होते. बारशाच्या आदल्या दिवशी माझं नाक गळायला लागलं, घसा धरला. मी दोन गोळ्या घेतल्या, नाकाखाली बाम चोळला, पदराला कापराची पुरचुंडी बांधली आणि चांगली पैठणी नेसून वर गेले. गौरी म्हणाली, "ताई, आवाज बसलाय का तुमचा?" मी म्हटलं, "थंडी आहे ना."

जानेवारीतल्या लखनौत ही सबब कुठेही चालते.

मराठी मंडळातल्या बायका जमल्या होत्या. 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झालं, बाळ पाळण्याखालून-वरून फिरलं, आणि मी पाळण्यात वाकून त्याच्या कानाशी तोंड नेलं. आता, आत्या नाव सांगत असताना बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात, ही आपली रीत. छावणीतल्या एका कर्नलची बायको तर हौसेने घालते. तिचा पहिला धपाटा बसला आणि मी जे 'केदार' म्हणणार होते त्याऐवजी तोंडातून खोकला बाहेर पडला. दुसरा धपाटा, दुसरा खोकला. सगळ्या हसल्या. "कुर्रर्र!" करून ओरडल्या. नाव मी तिसऱ्या खेपेला सांगितलं. पहिल्या दोन खेपांना मी त्याला काय दिलं, ते पुढच्या आठवड्यात कळलं.

आधी नुसतं नाक चोंदलं. मग दूध ओढेना. मग श्वास इतका भरभर चालायला लागला की गौरीने दुपटं उघडून त्याची छाती बघितली आणि त्याला उचलूनच घेतलं. तसंच आम्ही त्याला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, एक्स-रे काढला, नाकातला स्राव तपासायला दिला. मोठ्यांना नुसती सर्दी करणारा विषाणू होता. तान्ह्याच्या फुप्फुसातल्या केसाएवढ्या नळ्यांना तोच सुजवतो, चिकट शेंबडाने बुजवतो. श्रीकांतने तोवर मोबाइलवर अर्धं वैद्यकशास्त्र वाचून काढलं होतं. "डॉक्टरसाहब, कोई स्ट्राँग अँटिबायोटिक? स्टिरॉइड? नेब्युलायझर?"

"आप इंजीनियर हैं ना?" डॉक्टरांनी टेबलाच्या खणातून फ्रूटीच्या पुड्याची काडी काढली. त्यांच्या खणात अशा काड्यांचा भारा होता. "इसे मुँह में रखिए. नाक दबाइए. अब इसी से साँस लेते हुए बरामदे के दो चक्कर लगाइए."

श्रीकांत आज्ञाधारक मुलगा आहे. त्याने पहिला फेरा मारला. दुसऱ्या फेऱ्याला तो टोमॅटोसारखा लाल झाला आणि भिंतीला टेकला.

"अब इसी से दूध पीजिए," डॉक्टर म्हणाले. "नहीं होता? हुजूर सुबह से यही कर रहे हैं. अब बताइए, इस पाइप पर अँटिबायोटिक मारें तो पाइप खुलेगा?"

"नहीं सर."

"खून साफ है, बुखार है नहीं. जिस दुश्मन पर वह बंदूक चलती नहीं, वहाँ क्यों चलाएँ? नाक साफ रखेंगे, पानी सलाईन से देंगे, हवा हम धकेलेंगे, और हुजूर को कम से कम छुएँगे. बीमारी अपने दिन लेकर जाएगी. हमारा काम है कि तब तक हुजूर थकें नहीं."

"और दवा?"

"दवा है. नाम है सब्र. दिन में तीन बार. घरवालों को."

मग केदारच्या नाकात दोन इवल्या नळ्या बसल्या. त्यांतून ऑक्सिजन मिसळलेली हवा दाबाने आत जायची, म्हणजे आतल्या नळ्या मिटत नाहीत. त्याच यंत्राची दुसरी नळी पाण्याच्या बाटलीत बुडवलेली असायची आणि बाटलीत सतत बुडबुडे यायचे. गुड गुड गुड. बुडबुडे येताहेत म्हणजे दाब नीट आहे. बुडबुडे थांबले म्हणजे कुठेतरी हवा निसटते आहे. या यंत्राला इंग्रजी नाव आहे, पण त्या नर्सिंग होममध्ये ते कोणी घेत नसे. डॉक्टर बाटलीकडे बघून तृप्त चेहऱ्याने म्हणायचे, "हुजूर हुक्का पी रहे हैं." नर्सेसही तसंच म्हणायच्या. पहिल्यांदा ऐकल्यावर गौरीला रडता रडता हसू आलं, आणि आपण हसलो म्हणून ती पुन्हा रडली.

यानंतर डॉक्टरांची कचेरी भरायची. प्रत्येक बाळ दाखल झालं की ते सगळ्या नातेवाइकांना बाहेरच्या व्हरांड्यात ओळीने उभं करायचे आणि पाठीमागे हात बांधून विचारायचे, "मुजरिम कौन है?"

श्रीकांत म्हणाला, "सर, मुझे लगता है दूधवाला. बहुत छींकता है."

"दूधवाले ने हुजूर को गोद में लिया था?"

"नहीं, पर..."

मी मान डोलावली. हो, दूधवालाच. त्या गरिबाने आमच्या बाळाला कधी पाहिलंही नव्हतं. दारातल्या पातेल्यात दूध ओतून तो जायचा. तरी मी मान डोलावली, आणि हे मला खोकल्यापेक्षाही जास्त डाचतं.

डॉक्टर ओळीसमोरून चालत गेले. माझ्यापाशी थांबले. नाकाने हवा हुंगली. "कपूर," ते म्हणाले. "और बाम." मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "ठीक है, दूधवाला. मुकदमा खत्म. मोहतरमा, आप जरा मेरे साथ आइए, एक फॉर्म है."

फॉर्म वगैरे काही नव्हता. ऑक्सिजनच्या सिलिंडरांमागे नेऊन त्यांनी हळूच विचारलं, "चूमा था?"

"नहीं."

"फूँक मारी थी? शहद चटाया था?"

"कान में नाम..." मी म्हटलं, आणि मग बारसं म्हणजे काय, आत्या म्हणजे काय, धपाटे म्हणजे काय, हे माझ्या मोडक्या आवाजात सांगितलं.

मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांचा चेहरा नवं फुलपाखरू सापडल्यासारखा उजळला. "कान में! और पीछे से पीटते भी हैं! वाह. चालीस साल में चूमने वाले देखे, फूँकने वाले देखे, यह पहली बार सुना." मग एकदम गंभीर झाले. "सजा सुनाऊँ?"

"जी."

"जब तक हुजूर हुक्का पी रहे हैं, आप बाहर वाले दरवाजे पर बैठेंगी. मास्क लगाकर. आप अंदर नहीं जाएँगी, और जिसे खाँसी, छींक, जुकाम है, वह भी नहीं जाएगा. चाहे गवर्नर साहब हों. चाहे मैं."

ती त्यांची पद्धत होती. ज्याने सर्दी आत आणली त्यालाच पहारा. बाकी कोणाला ते कारण कधी सांगत नसत, म्हणून बाहेरच्यांना वाटायचं, या घरची माणसं किती काळजी घेतात.

व्हरांड्यात दाराशी दोन स्टुलं होती. एकावर आधीच एक निवृत्त न्यायाधीश बसले होते. त्यांचा ओठावरचा भाग बाकीच्या चेहऱ्यापेक्षा चांगलाच गोरा होता. मी दुसऱ्यावर टेकले. मग ते खाकरून म्हणाले, "आपने क्या किया था?"

मी सांगितलं. "और आपने?"

"पोती को मूँछ से गुदगुदी की थी," ते म्हणाले, आणि सवयीने त्यांचा हात ओठांवर गेला. तिथे आता काही नव्हतं. "चौंतीस साल की मूँछ थी. डॉक्टरसाहब ने पहले ही दिन उतरवा दी. कहा, सबूत जब्त करना पड़ेगा."

मला हसू आलं. मास्कच्या आत आलं, म्हणून कोणाला दिसलं नाही.

पहारा हे माझ्या स्वभावाला न पेलणारं काम होतं. ऑफिसात कोणाचं बिल नाकारायचं असलं तरी मी वर नुसती खूण करते, बोलणं हाताखालचा माणूस करतो. पहिल्याच दिवशी श्रीकांतचे साहेब चिनहटहून गुलदस्ता घेऊन खोकत आले. मी उठले, म्हटलं, "अंदर नहीं जा सकते, क्योंकि बच्चे को इन्फेक्शन..." "अरे मॅडम, दो मिनट, मैं दूर से देखूँगा," म्हणत ते माझ्या बाजूने निघाले. तेव्हा न्यायाधीश स्टुलावरून न उठता असे काही गरजले की साहेब गुलदस्त्यासकट फाटकाबाहेर गेले.

"आपकी गलती क्या थी, समझीं?" न्यायाधीशांनी मला विचारलं. "आपने वजह बताई. वजह बताई कि अपील हुई. सिर्फ 'नहीं' कहिए. 'नहीं' की अपील नहीं होती."

मंडळातल्या बायका डिंकाचे लाडू घेऊन आल्या तेव्हा मी नुसतं "नाही" म्हटलं. कर्नलची बायको म्हणाली, "अहो, मी धपाटे घातले हो त्या दिवशी, मला बघू द्या एकदा." मी म्हटलं, "नाही." ती माझ्याकडे बघतच राहिली. वीस वर्षांत माझ्या तोंडून तिने एवढं स्पष्ट काही ऐकलं नसेल. लाडू मात्र तिने ठेवले. ते न्यायाधीशांनी आणि मी मास्क वर करून, एकमेकांकडे पाठ करून खाल्ले.

आत केदारची तब्येत घसरत होती. या आजारात मधले दिवस वाईट, असं डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. सांगितलेलं खरं होताना बघणं वेगळं. तो मधूनच श्वास घ्यायचा विसरायचा. यंत्र कोकलायचं, नर्स तळपायाला टिचकी मारायची, तो दचकून पुन्हा श्वास घ्यायचा. मोठ्या रुग्णालयात हलवावं लागलं तर म्हणून अँब्युलन्स फाटकाशी उभी करून ठेवली होती. गौरी आत त्याच्या खाटेशी बसलेली, बाहेर येऊन जेवतही नसे. दाराच्या काचेतून मला तिची पाठ दिसायची.

अशाच एका सकाळी डॉक्टर आले, फाटकातून दोन पावलं आत टाकली आणि शिंकले. पुन्हा शिंकले. तिथेच थांबले, स्वतःच्या हातरुमालाकडे विश्वासघात झाल्यासारखं बघितलं आणि पाऊल मागे घेतलं.

"सर, डबल मास्क लगा लीजिए ना," कंपाउंडर म्हणाला.

"मास्क शरीफों के लिए है," डॉक्टर म्हणाले. "मुजरिम बाहर बैठता है."

आणि ते खरोखर बाहेर बसले. केदारच्या खोलीची खिडकी बागेकडे होती. बाहेर खुर्ची मांडून, माकडटोपी चढवून, गुडघ्यांवर रजई घेऊन ते काचेतून आत बघत बसले. आत त्यांची सहायक तरुण डॉक्टर होती. तिला ते 'डॉक्टर बिटिया' म्हणायचे. फोनवर तिला सूचना चालल्या होत्या. मधेच काचेवर बोटाने टकटक करून ते केदारला सलाम करायचे. रस्त्याने जाणारे लोक थांबून बघायचे, की धुक्यात एक म्हातारा खिडकीला सलाम का करतो आहे.

दुपारी डॉक्टर बिटिया शेजारच्या खोलीत न्यायाधीशांच्या नातीला बघायला गेली. नर्स पाठमोरी सलाईनची बाटली बदलत होती. गौरीचं डोकं खाटेच्या कठड्यावर टेकलं होतं. किती दिवसांनी तिचा डोळा लागला होता.

एकदम बागेतून खुर्ची पडल्याचा आवाज आला. मग काचेवर धाड धाड. मग डॉक्टर व्हरांड्याच्या पायऱ्या चढून धावत आले. माकडटोपी तिरकी, रजई एका खांद्यावरून लोंबत होती.

"हुक्का बंद है!"

मी दारात उभी राहिले.

"हटिए मोहतरमा. बुलबुले नहीं आ रहे."

"आपको जुकाम है."

"मैं जानता हूँ मुझे जुकाम है! हटिए!"

मी दोन्ही हात चौकटीला लावले. माझ्या मागे माझा भाचा होता, श्वासाची नळी सुटलेला. पुढे शहरातला त्याला वाचवू शकणारा सगळ्यात हुशार माणूस होता आणि त्या माणसाचं नाक गळत होतं. न्यायाधीश उभे राहिले होते, पण त्यांनाही निकाल सुचत नव्हता.

"हट!" डॉक्टर ओरडले. "हट, बेवकूफ औरत!"

तान्ह्या मुलाला 'आप' म्हणणारा हा माणूस मला 'हट' म्हणाला. मी हटले नाही. मान वळवली आणि आयुष्यात कधी काढला नव्हता असा आवाज काढला. "डॉक्टर बिटियाऽऽ! हुक्का! केदारचा हुक्का!"

नंतर न्यायाधीश म्हणाले की हायकोर्टात त्यांनी इतका मोठा आवाज ऐकला नव्हता.

शेजारच्या खोलीतून डॉक्टर बिटिया धावली. नर्स वळली. गौरी दचकून उठली. मला काचेतून फक्त पाठी दिसत होत्या. कोणीतरी तळपाय चोळत होतं, कोणीतरी नळी हातात धरली होती. नाकातली नळी निसटून गालावर पडली होती, एवढंच झालं होतं. एवढंच म्हणजे सगळं. मग आतून आवाज आला. गुड. थांबला. गुड गुड गुड.

डॉक्टर माझ्यासमोर उभे होते, दम लागलेला. ते वळले, पायऱ्या उतरले, खुर्ची उचलून सरळ केली आणि खिडकीपाशी बसले. बऱ्याच वेळाने ते परत आले ते माझ्याकडे नाही, न्यायाधीशांकडे.

"जज साहब, मैंने एक शरीफ खातून से 'हट' कहा. सत्तर साल में पहली बार. मेरे लिए सजा तजवीज कीजिए."

न्यायाधीशांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच काम मिळालं होतं. त्यांनी दोन्ही बाजू ऐकून घेतल्या, माझी साक्ष काढली, आणि निकाल दिला: जुकाम जाईपर्यंत आरोपीने तिसऱ्या स्टुलावर बसावं. कंपाउंडरने तिसरं स्टूल आणून दिलं.

मग आम्ही तिघं एका रांगेत बसू लागलो. तिथे एकदा मी डॉक्टरांना विचारलं, "मैंने ठीक किया?"

"बिटिया को देर लगती तो?" ते समोर बघत म्हणाले. "मैं आपको जिंदगी भर माफ न करता."

"और मैं अंदर जाने देती तो?"

"तो शायद कुछ न होता. शायद दो और बच्चे बीमार पड़ते." त्यांनी नाक शिंकरलं. "आपने कायदा निभाया. ठीक किया कि नहीं, यह मुझे नहीं मालूम. मुझे तो बस इतना मालूम है कि आप कमबख्त बहुत मजबूती से खड़ी थीं."

हे मला डॉक्टरांनी दिलेलं प्रशस्तिपत्र. सुई त्यातही होती. ती मी तशीच ठेवली आहे.

पण त्याआधी, बुडबुडे परत सुरू झाले त्याच दुपारी, गौरी बाहेर आली होती. केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. दचकून उठली तेव्हा तिने काचेतून मला डॉक्टरांसमोर दारात आडवी उभी पाहिलं होतं.

"ताई, तुम्ही डॉक्टरांना अडवलंत?"

"हो."

"माझ्या बाळाचा श्वास बंद होता आणि तुम्ही डॉक्टरांना दारात अडवून धरलंत? कोणी सांगितलं होतं तुम्हाला? सर्दी! सर्दीच ना!"

न्यायाधीशांनी मला शिकवलं होतं, वजह सांगायची नाही. मी सांगितली.

"गौरी, बारशाच्या दिवशी मला सर्दी होती. मला माहीत होतं. गोळ्या खाऊन आले होते. तू विचारलंस तर थंडी म्हटलं. मला त्या दिवशी दारात कोणी अडवलं नाही."

मग तिने दूधवाल्याचं नाव घेतलं. नुसतं नाव. त्याचं दूध आम्ही बंद केलं होतं. मी म्हटलं, "हो." ती आत गेली आणि दार लावून घेतलं. त्यानंतर ती माझ्याशी बोलली नाही. श्रीकांत डबा आणायचा, खाली ठेवायचा, माझ्या चेहऱ्याकडे बघायचा, गौरीच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि "आज ऊन पडेल असं वाटतंय" असं काहीतरी बोलून जायचा. दूधवाल्याला मी स्वतः जाऊन भेटले. तो म्हणाला, "अरे दीदी, हम तो समझे आप लोग पॅकेट वाला लेने लगे."

केदारचा हुक्का एक दिवस उतरला. बाटली शांत झाली आणि तो आपल्या आपण, घोरल्यासारखा, पण नीट श्वास घेऊ लागला. ओढून दूध प्यायची ताकद अजून नव्हती. नाकातून पोटात गेलेल्या बारीक नळीतून दूध द्यायचं ठरलं. माझी सर्दी कधीच गेली होती. डॉक्टरांचीही. त्यांनी दार स्वतः उघडलं, बाजूला झाले, हाताने आतली दिशा दाखवली, आणि मला म्हणाले, "तशरीफ ले आइए."

मी आत गेले, पण भिंतीपाशीच उभी राहिले. गौरी खाटेशी वाटीत काढलेलं दूध घेऊन बसली होती. दट्ट्या काढलेली मोठी सिरिंज नळीला जोडायची, तिच्यात दूध ओतायचं आणि ती उंच धरायची. ढकलायचं नाही. दूध आपल्या वजनाने उतरू द्यायचं. नर्सने दोनदा दाखवलं. गौरीच्या हातात सिरिंज हलत होती, दुधाचे थेंब दुपट्यावर पडत होते.

तिने माझ्याकडे बघितलं नाही. "ताई," ती म्हणाली, "धरा ही. माझा हात स्थिर राहत नाहीये."

मी पुढे झाले आणि सिरिंज हातात घेतली. तिने वाटीतलं दूध ओतलं. आमची डोकी जवळ आली होती. दुधाची पांढरी रेघ अगदी हळू खाली सरकत होती, थांबल्यासारखी वाटायची आणि पुन्हा सरकायची. डॉक्टर पायथ्याशी हात बांधून उभे होते, दरबारात उभे राहावं तसे. बराच वेळ गेल्यावर माझ्या लक्षात आलं की श्वास मी रोखून धरला होता. केदार घेत होता.